एअरपोर्टसाठी आधी ठरवलेली फिक्स भाड्याची गाडी: अनुभव आणि हिशेब हवेत

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आता गरजच पडली म्हणून धागा काढतेय.

आई-बाबा पुढच्या महिन्यात बहिणीकडे न्यूजर्सीला निघालेत. आम्ही पुण्यात, विमान मुंबईहून, रात्री १:५५ चं. दोघंही सत्तरीच्या पुढे. चार मोठ्या बॅगा, हातातल्या दोन वेगळ्या. सोबत मी जाणार. चार ठिकाणी गाडीची चौकशी केली. "एअरपोर्ट ड्रॉप, फिक्स रेट, काळजीच करू नका ताई" हे चौघांनी अगदी एका सुरात सांगितलं, आणि आकडे मात्र २८०० पासून ४६०० पर्यंत! रस्ता तोच, टोलनाके तेच. मग एवढा फरक कशाचा?

दुसरं म्हणजे मला स्वतःला कामासाठी अधूनमधून लोहगावहून, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरून, पहाटेचं विमान पकडावं लागतं. ॲपवर आदल्या दिवशी ठरलेल्या भाड्यात गाडी सांगून ठेवायची सोय दिसते. त्यात अर्थ आहे का, की ऐन वेळी मागवलेली बरी?

आधी चर्चा झाली असेल तर कृपया दुवा द्या, धागा उडवायला सांगते.

चहाबाज
स्वारगेटहून शिवनेरी, दादरला उतरायचं, पुढे टॅक्सी. निम्म्या पैशात काम. वर खिडकीतून बोरघाट फुकट.

लेकुरवाळी
चहाबाज, सत्तरीचं जोडपं, सहा डाग आणि रात्रीचं दादर? तुम्ही चहाच घ्या.

चहाबाज
हलके घ्या हो. पाठीवर एक सॅक असलेल्या माणसाला शिवनेरीसारखं सुख नाही, एवढंच म्हणायचं होतं. चार बॅगा वाचल्याच नाहीत. माघार.

औंधकर
मुंबईचं जाणकार सांगतीलच, मी लोहगावपुरतं लिहितो.

भाडं फिक्स असो वा नसो, आधी सरकारी दराने किती होतं ते काढून ठेवावं. पुण्यात एसी कॅबला जानेवारी २०२४ पासून ठरलेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे किलोमीटरला २५. कर्वेनगर ते विमानतळ १८ किमी धरा. ३७ अधिक साडेसोळा गुणिले २५, म्हणजे साडेचारशे रुपये. रिक्षा सप्टेंबर २०२२ च्या दराने, म्हणजे पहिल्या दीड किमीला २५ आणि पुढे १७ धरून, तीनशे पाच-सहा. रिक्षावाला पहाटे ह्या भावात येईल असं मी म्हणत नाहीये, हलके घ्या. पण साडेचारशे हा आकडा डोक्यात असला की समोरचा "फिक्स ११००" म्हणाला तर तो कशाचे पैसे मागतोय हे विचारता येतं.

आता वेळेचं. सहाच्या विमानाला तुम्ही साडेतीनला घर सोडणार. त्या वेळी नगर रोडवर कुत्रीसुद्धा झोपलेली असतात, अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. म्हणजे ट्रॅफिकची धास्ती शून्य, पण गाडी मिळण्याची धास्ती शंभर टक्के. संध्याकाळी सातला नेमकं उलटं. गाड्या खंडीभर, पण बंडगार्डनचा पूल, गुंजन टॉकीज, शास्त्रीनगर, मग विमाननगरची वळणं... कुठे किती वेळ जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पहाटे फिक्स भाड्यात तुम्ही गाडी दारात येण्याचे पैसे देता, संध्याकाळी अडकून पडण्याचे. मला स्वतःला पहिले पैसे द्यायला जास्त पटतं, कारण दुसऱ्याला पर्याय आहे. मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत जाते. एक ट्रॉली बॅग असेल तर नळ स्टॉपला चढायचं, रामवाडीला उतरायचं, तिथून रिक्षा. बंडगार्डन खाली तुंबलेलं वरून बघत जायचं. पहाटे मात्र ह्याचा उपयोग नाही, पहिली मेट्रोच सहाला सुटते.

येताना दिवसाची वेळ असेल तर आधी बुकिंग करण्यात हशील नाही. ॲपच्या गाड्या एरोमॉलमध्ये, म्हणजे विमानतळाच्या पार्किंगच्या इमारतीत लागतात, तिथे जाऊन मागवायची. नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथपर्यंतची चाल वाढलीय. गोल्फ कार्ट आहे, पण सोबत आई-वडील असतील तर ही दहा-पंधरा मिनिटं हिशेबात धराच.

कर्वेनगरी
औंधकर, खूपच उपयोगी. साडेचारशेचा आकडा लिहून ठेवला. मला परवा ७५० सांगितले होते ठरलेल्या भाड्याचे. पहाटेचे म्हणून द्यावेत का?

औंधकर
गाडी नक्की येणार असेल तर मी देईन. 'नक्की' हा शब्द अधोरेखित.

रात्रपाळी
त्या 'नक्की'वरच लिहायला आलोय. मी हिंजवडीत राहतो, लोहगाव आमच्यासाठी परगाव.

भाडं पक्कं होणं वेगळं आणि गाडी पक्की होणं वेगळं. बुकिंग करताना हे कुणी नीट सांगत नाही. ॲपवर रात्री दहाला पहाटेची गाडी सांगितली की लगेच हिरवी टिकमार्क येते, भाडं दिसतं, आपण गजर लावून झोपतो. प्रत्यक्षात त्या क्षणी कुठल्याही ड्रायव्हरने काहीही कबूल केलेलं नसू शकतं. नाव आणि गाडीचा नंबर बऱ्याचदा निघायच्या थोडंच आधी येतो. तोवर आपल्याकडे फक्त एक आकडा असतो.

माझ्यावर ही वेळ आलीय. कंपनीचं नाव लिहीत नाही, मुद्दा तो नाही. सव्वातीन वाजता बॅग घेऊन गेटवर उभा, स्क्रीनवर 'ड्रायव्हर शोधत आहोत' असं गोल गोल फिरतंय, भाडं मात्र जिथल्या तिथे, एक रुपया वाढलेला नाही. वॉचमन म्हणाला, "साहेब, दुधाची गाडी येईल आत्ता." दुधाचा टेम्पो आला, त्याने क्रेट उतरवता उतरवता ओळखीच्या कॅबवाल्याला फोन लावला, त्या माणसाने लुंगीवर गाडी काढली आणि मला वेळेत पोचवलं. पैसे त्याने मागितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही.

तेव्हापासून ॲपवर सांगितलं तरी नंबर हातात येईपर्यंत दुसरा पर्याय जिवंत ठेवतो. घराजवळ राहणारा एक गाडीवाला धरून ठेवलाय, तो ॲपपेक्षा शंभर-दीडशे जास्त घेतो. रात्री झोपण्यापूर्वी "दादा, साडेतीन ना?" असा मेसेज टाकायचा, त्याचा अंगठा आला की झोप लागते.

मीनाक्षीमावशी
रात्रपाळी, अगदी अगदी. जवळ राहणारा गाडीवाला हाच खरा इन्शुरन्स. आमचा वारज्यात राहतो.

पिवळीपाटी
नमस्कार. माझी स्वतःची अर्टिगा आहे, टी (टुरिस्ट) परमिट, पुणे-मुंबई एअरपोर्ट हेच मुख्य काम. वाचतो रोज, लिहीत नाही. पण ताईंनी २८०० आणि ४६०० मध्ये फरक का असं विचारलंय म्हणून लिहितो.

कोथरूड-कर्वेनगर ते मुंबई विमानतळाचं टी-टू (टर्मिनल २) १५० किमी धरा. तुम्ही एकीकडचे पैसे देता, गाडी ३०० चालते. एक्सप्रेसवेचा टोल कारला ३२०, जाताना आणि येताना मिळून ६४०. वाशीचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ झाला, तेवढे वाचतात. सीएनजी किलोला नव्वदच्या घरात, भरलेली गाडी एसी लावून किलोला वीस-बावीस किमी देते, म्हणजे तेराशेच्या आसपास. गाडी नुसती हलायला एकोणीसशे ते दोन हजार लागले. २८०० मधून उरले आठशे. त्यात हप्ता, टायर, इन्शुरन्स, परमिट, आणि संध्याकाळी निघून पहाटे चारला घरी येणारा मी. आता तुम्हीच सांगा.

मग २८०० ला कोण नेतो? एक, ज्याला मुंबईहून परतीचं भाडं आधीच मिळालंय. त्याला ते परवडतं आणि तुम्हालाही स्वस्त पडतं, त्यात काही खोटं नाही. दोन, ज्याची गाडी लहान आहे. तीन, आणि हे जास्त: जो गाडीवाला नाहीच. तो बुकिंग घेतो, आपले तीन-चारशे बाजूला काढतो आणि 'ड्यूटी' म्हणून ग्रुपवर टाकतो. "उद्या ५ वाजता कर्वेनगर ते टी-टू, सेडान, २४००." कुणी उचलली तर उचलली. नाही उचलली तर दुपारी तीनला तुम्हाला फोन येतो, "मॅडम, गाडी बिघडली, दुसरी पाठवतो, पाचशे जास्त लागतील." गाडी बिघडलेली नसते. २४०० ला कुणी तयार झालेलं नसतं.

म्हणून बुकिंग करताना एकच विचारा: "गाडी तुमची स्वतःची आहे का? नंबर आत्ता देता का?" जो आदल्या दिवशी नंबर देतो त्याला पाच रुपये जास्त द्या.

आमच्यातले सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असं नाही. टोलसकट ठरवून टोल वेगळा मागणारे आहेत. पण पॅसेंजरही तीन वाजता निघायचं ठरवून साडेचारला खाली येतात, वर "फिक्स आहे ना भाडं?" म्हणतात.

कर्वेनगरी
पिवळीपाटी दादा, मनापासून धन्यवाद. हे एकानेही सांगितलं नव्हतं. मग ४६०० वाला लुटतोय असं नाही ना?

पिवळीपाटी
इनोव्हा असेल तर नाही. अर्टिगा असेल तर त्यात पार्किंग, नाइट चार्ज, सगळं धरलंय का विचारा. सगळं धरून असेल तरी मी घासाघीस करीन तुमच्या जागी.

कलमबहाद्दर
उगाच वकिली करतो, चालवून घ्या. केंद्राने जुलै २०२५ मध्ये ॲपवाल्या कंपन्यांसाठी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच वाढ, आणि सबळ कारणाशिवाय स्वीकारलेली फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के दंड, जास्तीत जास्त १०० रुपये. दंड ड्रायव्हरला तसाच प्रवाशालाही. मूळ भाडं राज्याने ठरवायचं.

म्हणजे औंधकरांचे साडेचारशे वाईटात वाईट नऊशे होतील. ७५० फिक्स हा त्याच्या मधला आकडा, वाईट नाही. शंभर रुपये दंडाचं मात्र हसू येतं. विमान चुकलं तर नवं तिकीट काय भावाला पडतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा ड्रायव्हरला शंभर रुपये दंड करील, तुम्हाला बंगळूरला पोचवणार नाही.

आणि एक. काही 'घरगुती' सेवा पांढऱ्या पाटीची गाडी पाठवतात. भाडं कमी असतं, गाडी चकाचक असते. खासगी गाडीचा विमा भाड्याने प्रवासी नेताना लागू होत नाही. परमिटशिवाय भाडं मारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये बसत नाही. घाटात काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघणार? दारात पांढरी पाटी आली तर मी बसणार नाही, विमान चुकलं तरी.

लेकुरवाळी
"विमान चुकलं तरी" हे लिहायला सोपं आहे हो कलमबहाद्दर. आदल्या दिवशी गाडीचा फोटो मागवायचा. पाटी त्यात दिसतेच.

मीनाक्षीमावशी
आता बॅगांबद्दल, कारण ह्यावर कुणीच बोलत नाहीये आणि खरी रडारड तिथेच होते.

मुलगा तिकडे, त्यामुळे आमची ये-जा चालू असते. सेडान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मोठ्ठी डिकी येते. गाडी येते, ड्रायव्हर डिकी उघडतो आणि आत आडवा पसरलेला असतो सीएनजीचा सिलिंडर. त्याच्या पुढ्यात एक २३ किलोची बॅग उभी राहते, दुसरी तिरकी घुसवायची. तिसरी पुढच्या सीटवर, तिला सीटबेल्ट लावायचा नाहीतर गाडी पिपाणी वाजवत बसते. चौथी मागे आमच्या दोघांच्या मध्ये. ह्यांच्या मांडीवर लोणच्याच्या बरण्यांची पिशवी. अशा थाटात आमच्या शेजारचं जोडपं गेलेलं मी बाल्कनीतून पाहिलंय. अच्छा करायला हात हलवायलासुद्धा जागा नव्हती बिचाऱ्यांना.

त्यामुळे दोन माणसं आणि चार बॅगा म्हणजे सेडान नाहीच. अर्टिगा घेतली तर मागची सीट पाडून चारही बॅगा आडव्या बसतात, माणसं तीन असली तरी अडचण नाही. चार माणसं असतील तर टपावर कॅरियर आहे का विचारा. पावसाळ्यात नुसतं कॅरियर नको, ताडपत्री आणि दोरी आहे ना हेही विचारा. बोरघाटातला पाऊस बॅगेच्या चेनमधून आत शिरतो.

सीएनजी भरूनच दारात यायला सांगायचं. पंपावर रांग असते, आणि गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री पंपावर उतरवायचं म्हणजे शिक्षा. फूडमॉलला थांबणार का, किती वेळ, हेही आधी ठरवा. ह्या वयात ते चहासाठी नसतं.

चहाबाज
चहासाठीही असतं.

पिवळीपाटी
मावशी बरोबर बोलल्या. एका टाकीत मुंबई करून परत येता येत नाही, मधे एकदा भरावाच लागतो. पण तो तुम्हाला सोडल्यावर आमचा आम्ही भरतो. दारात येताना टाकी फुल्ल पाहिजे एवढं सांगायचं. बरेच जण पिकअपला आल्यावर "सीएनजीला पाचशे द्या" म्हणतात, त्यात गैर नाही, शेवटी भाड्यातून वजा होतात. पण मेसेजवर लिहून घ्या, नाहीतर सोडताना विसर पडतो.

तारखेचं सगळ्यात महत्त्वाचं. ताई, तुमचं विमान १:५५ चं. तिकिटावर १२ तारीख असेल तर घरून ११ च्या संध्याकाळी निघायचं. पॅसेंजर फोनवर "१२ ची फ्लाइट, रात्रीची" म्हणतात, आम्ही १२ च्या संध्याकाळची ड्यूटी लिहितो. दोघंही खरं बोलत असतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तेव्हा विमानाची तारीख सांगूच नका. "अमुक वारी संध्याकाळी इतक्या वाजता दारात गाडी" एवढंच सांगा.

औंधकर
ह्या दोन प्रतिसादांवरून एक मेसेजच करून ठेवावा. गाडीवाल्याला असा पाठवा आणि 'ओके' लेखी घ्या:

"मंगळवार, ११ तारीख, संध्याकाळी ४ वाजता कर्वेनगर, अमुक सोसायटीचं गेट. मुंबई विमानतळ टर्मिनल २, सहार, प्रस्थान. ३ माणसं, ४ मोठ्या आणि २ लहान बॅगा. अर्टिगा, पिवळी पाटी, सीएनजी भरलेला. भाडं ____, त्यात टोल आणि नाइट धरून. पार्किंग लागल्यास पावतीप्रमाणे वेगळं. फूडमॉलला १५ मिनिटं थांबा. ५०० ॲडव्हान्स, बाकी उतरल्यावर. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव सोमवारी संध्याकाळपर्यंत."

टर्मिनल लिहिणं चुकवू नका. सांताक्रूझचं टी-वन आणि सहारचं टी-टू ह्यांत गाडीने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे आणि रात्रीसुद्धा ते पाच मिनिटांत होत नाही.

कर्वेनगरी
औंधकर, चार म्हणजे फारच लवकर नाही का? १:५५ चं विमान आहे.

औंधकर
तीन तास आधी पोचायचं, म्हणजे अकराला. रस्ता सुरळीत असेल तर साडेतीन तास. चारला निघालात तर साडेसात-आठला पोचाल, हे मान्य. पण पाच-साडेपाचला निघालात की वाकड-हिंजवडीच्या पट्ट्यात ऑफिस सुटलेलं सापडेल आणि वाशीचा पूल ओलांडल्यावर मानखुर्द-चेंबूरला मुंबईचं ऑफिस सुटलेलं. रविवार असेल तर आणखी कठीण, लोणावळ्याला आलेले सगळे मुंबईकर त्याच वेळी घरी परततात. पावसाळ्यात घाटात दरड आली की सगळंच मुसळ केरात. २०२३ च्या जुलैत आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळली होती, आठवत असेल.

रात्रपाळी
एक शंका. भाडं फिक्स असल्यामुळे ड्रायव्हर गाडी पळवत नाहीत का? अडकला तर नुकसान त्याचं, म्हणजे फेरी लवकर संपवण्यात त्याचा फायदा.

पिवळीपाटी
पळवायचे. आता एक्सप्रेसवेवर जागोजागी कॅमेरे आहेत. शंभरच्या वर गेलं, लेन कापली की चलान मोबाइलवर. त्या दिवसाची कमाई तिथेच जाते. मला तरी नाही परवडत.

पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. खरी भीती वेगाची नाही, झोपेची. रात्री तुम्हाला सोडून मी तसाच परत निघालो, आणि पहाटे पुन्हा लोहगावचा पिकअप घेतलेला असेल तर? फिक्स भाड्यात दोन पैसे सुटावेत म्हणून लोक अशा ड्यूट्या जोडतात. पहाटेची गाडी सांगताना विचारत जा, "रात्री कुठली ड्यूटी आहे का?" कुणाला राग आला तर येऊ दे.

बेएरियाकर
इकडून आई-बाबांसाठी आणि स्वतःसाठी बुकिंग करत असतो, म्हणून परतीच्या बाजूने लिहितो. जाताना फिक्स भाडं सोपं असतं, निघायची वेळ आपल्या हातात. येताना ती विमानाच्या हातात.

गाडीवाल्याला उतरण्याची वेळ देऊ नका, विमानाचा नंबर द्या. हल्ली सगळे मोबाइलवर बघतात. विमान तीन तास उशिरा असेल तर शहाणा गाडीवाला तीन तास उशिराच निघतो. पण विमान वेळेवर उतरलं आणि इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम ह्यात दीड तास गेला तर? त्याचं वेटिंग कधीपासून मोजायचं? मी "विमान टेकल्यापासून दीड तास फुकट, पुढे तासाला ठरलेले पैसे" असं लिहून घेतो. विमानतळावरचं पार्किंग कुणाचं हेही. हे न ठरवता फिक्स भाडं केलं तर रात्री अडीचला पार्किंगमध्ये उभं राहून वाद घालावा लागतो, जेट लॅगमध्ये, तोही अर्धा इंग्रजीत.

भारतातलं सिम चालू नसेल तर ड्रायव्हरशी फक्त व्हॉट्सॲपवर बोलता येतं. त्याचा व्हॉट्सॲप नंबर आणि गाडीचा नंबर विमानात बसण्यापूर्वी सेव्ह करा. नावाची पाटी घेऊन विमानतळाच्या दारात उभा राहणारा हवा असेल तर ते वेगळं सांगा. आई-बाबा एकटे येत असतील तर मी पाटीचे जास्तीचे पैसे डोळे मिटून देतो. आईने आपलं नाव पाटीवर वाचलं की तिथेच निम्मा प्रवास संपतो.

पूर्ण पैसे आगाऊ मात्र कुणालाच देत नाही. "परदेशातून बुकिंग आहे, सगळे आधी पाठवा" म्हणणारे भेटतात. अशांना नमस्कार.

लेकुरवाळी
लहान मूल असेल तर एक भर. फिक्स भाड्यात वाटेत थांबे किती हे आमच्याकडे कायम वादाचं होतं. घाटात मुलाला उलटी होणार हे गृहीत धरून सांगून टाकायचं, "दोनदा थांबू." आधी सांगितलं की कुणी कुरकुरत नाही.

कर्वेनगरी
मंडळी, काम झालं. ३९०० ला ठरली. स्वतःची अर्टिगा, राहायला धायरीत, टोल-नाइट धरून, पार्किंग वेगळं. औंधकरांचा मेसेज जसाच्या तसा पाठवला, फक्त वार बदलला. गाडीचा नंबर आणि पाटीसकट फोटो पाच मिनिटांत आला, वर "मॅडम, एवढं व्यवस्थित कुणी लिहीत नाही" असंही आलं. २८०० वाल्याला नंबर मागितला तर म्हणाला, "आदल्या रात्री कळवू." पिवळीपाटी दादांची आठवण झाली.

वेळ चारचीच ठेवली. बाबांचं म्हणणं अडीचला निघावं. ती लढाई घरात चालू आहे.

लोहगावचं मी असं ठरवलंय: पहाटे जाताना ओळखीची गाडी, संध्याकाळी मेट्रो, येताना जे मिळेल ते.

सिंहगडरोडकर
धाग्याच्या निमित्ताने अवांतर. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. तिथलं फिक्स भाडं कमी बसायला हवं ना? वाशीचा पूलच ओलांडायचा नाही.

पिवळीपाटी
बसायला हवं आणि बसतंही. अंतर कमी, चेंबूरची कटकट नाही, टोल तोच. पण तिथून रात्री पुण्याचं परतीचं भाडं अजून सहारसारखं मिळत नाही, म्हणून काही जण फारसं कमी करत नाहीत. सहारच्या भाड्यापेक्षा पाच-सातशे तरी कमी करून मागा. बुक करताना "मुंबई एअरपोर्ट" एवढंच लिहू नका, आता तीन ठिकाणं झाली.

सिंहगडरोडकर
आभार. तुमचा नंबर मिळेल का? मार्चमध्ये जायचंय.

पिवळीपाटी
धाग्यावर नंबर टाकलेला चालत नाही इथे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मीनाक्षीमावशी
मलाही करा. आमच्या वारज्यावाल्याने परवाच गाडी विकली.

चहाबाज
मलाही. बॅग एकच आहे, पण फूडमॉलला थांबणार असाल तर.